दगडात वाढलेली वेल

मशिदीच्या मेहराबीभोवती, देवळाच्या दारावर, जुन्या वाड्याच्या खांबावर, नाहीतर घरातल्या गालिच्याच्या काठावर तुम्ही एक नक्षी नक्की पाहिली असेल. एक नागमोडी दांडी असते. तिच्या प्रत्येक वळणात एक पान किंवा फूल असते आणि दांडी तशीच वळत पुढे जाते. मराठीत हिला वेलबुट्टी म्हणतात. उर्दूत तुम्ही 'बेलबूटे' म्हणता.

पण ही वेल कोणत्या झाडाची, असे कोणी विचारले तर काय सांगाल? तिचे पान द्राक्षाचे नाही, फूल गुलाबाचे नाही. बागेत शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. मग कारागिरांनी ती कोठून आणली? झाड समोर ठेवून कोरली, की दुसऱ्या कारागिराने कोरलेली वेल पाहून कोरली? प्रश्न साधा वाटतो. पण त्यावर विद्वानांचा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. उत्तर शोधायचे तर नाईल नदीच्या काठापासून दिल्लीपर्यंत जावे लागते.

सुरुवात इजिप्तपासून, म्हणजे तुमच्या भाषेत 'मिस्र'पासून करू. नाईलच्या काठी पपायरस नावाचे उंच लव्हाळे दाट वाढत असे. त्यापासून लोक कागद, दोर, होड्या बनवत. अगदी जुन्या काळी तेथील झोपड्या आणि लहान देवळेही अशा लव्हाळ्यांच्या मोळ्या उभ्या करून बांधत. पुढे, सुमारे ४६०० वर्षांपूर्वी, जोसर या राजासाठी सक्कारा येथे पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. त्याच्या आवारात दगडी इमारतीही उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका इमारतीच्या भिंतीवर तीन दगडी पपायरस उभे आहेत. पपायरसचा देठ गोल नसतो, तिधारी असतो. कारागिराने दगडातही तो तिधारीच ठेवला आहे. त्याने झाड हातात घेऊन, बोटे फिरवून पाहिले होते, यात शंका नाही.

याच देशात कर्नाक येथील मंदिरात एक प्रचंड सभामंडप आहे. इ.स.पू. तेराव्या शतकात सेती पहिला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा यांच्या काळात तो उभा राहिला. त्यात १३४ खांब आहेत. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत आणि त्यांची वरची टोके उमललेल्या पपायरससारखी पसरली आहेत. बाजूचे १२२ खांब कमी उंचीचे आहेत आणि त्यांची टोके मिटलेल्या कळीसारखी आहेत. असा फरक का? मंडपाच्या मधल्या भागाचे छत उंच आहे. तेथे वरच्या जाळीदार खिडक्यांतून उजेड येत असे. बाजूचा भाग अंधारा होता. उजेडातली फुले उमलली, अंधारातल्या कळ्या मिटलेल्याच राहिल्या! इमारत बांधणाऱ्यांनी किती विचार केला होता, हे यावरून दिसते.

पपायरसच्या जोडीला इजिप्तमध्ये दुसरी आवडती वनस्पती होती, ती म्हणजे निळे पाणफूल. पुस्तकांत त्याला कमळ म्हणतात, पण ते आपले कमळ नव्हे. ते कुमुदाच्या जातीचे आहे. हे फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते. म्हणून इजिप्तचे लोक त्याला उगवत्या सूर्याचे आणि पुन्हा मिळणाऱ्या जीवनाचे चिन्ह मानत. (उर्दूतला 'नीलोफर' हा शब्द अशाच पाणफुलाचा आहे. तो फारसीतून आला, आणि फारसीतला शब्द संस्कृत 'नीलोत्पल' या शब्दापासून झाला, असे भाषातज्ज्ञ मानतात. फुलांप्रमाणे त्यांची नावेही प्रवास करतात.) भिंतीच्या काठावर हे फूल रंगवताना चित्रकार एक फूल, एक कळी, पुन्हा एक फूल, एक कळी अशी रांग लावत. कधी ते खालून कमानीसारख्या रेषेने एकमेकांना जोडत.

ही फूल-कळीची रांग इजिप्तबाहेर पडली. इराकमध्ये मोसूल शहराजवळ निनेवे ही असिरियन राजांची राजधानी होती. तेथे असुरबनिपाल राजाच्या महालात इ.स.पू. सातव्या शतकातला एक दगडी उंबरठा सापडला. तो हुबेहूब गालिच्यासारखा कोरला आहे. मध्ये फुलांची जाळी आणि काठाला तीच रांग: फूल, कळी, फूल, कळी. निनेवेचा कारागीर नाईलच्या काठी गेला असेलच असे नाही. त्याला त्याची गरजही नव्हती. कापडावर, हस्तिदंतावर, धातूच्या भांड्यांवर ही नक्षी व्यापाऱ्यांबरोबर देशोदेशी फिरत होती.

तेथून ती ग्रीस म्हणजे यूनानमध्ये पोहोचली. ग्रीकांनी तिच्यात दोन बदल केले. पहिला बदल असा की, कळीच्या जागी त्यांनी पंख्यासारखे पसरलेले पान जास्त वापरले. या पानाला 'पामेट' म्हणतात. हाताची पाच बोटे पसरा, म्हणजे पामेट कसे दिसते ते कळेल. दुसरा बदल फार महत्त्वाचा होता. फुलांना जोडणारी खालची रेषा त्यांनी वर उचलली आणि तिला लाटेसारखी वळणे दिली. आता फुले एका रांगेत उभी राहिली नाहीत. ती त्या लाटेच्या आत, एकदा वर आणि एकदा खाली, अशी बसली. रांगेची वेल झाली.

ही लाट तुम्हीही काढून पाहा. वहीवर दोन समांतर रेषा आखा. त्यांच्यामध्ये पेन्सिलीने एक नागमोडी रेषा काढा. रेषा वर गेली की तिच्या खाली एक पोकळी तयार होते, खाली आली की वर एक. आता प्रत्येक पोकळीत मुख्य रेषेपासून एक फांदी काढा आणि तिला आतल्या बाजूला गोल वळवा. फांदीच्या टोकाला पान काढा. जेथे फांदी फुटते तेथे एक लहानसे अर्धे पान काढा. झाली वेल तयार. पट्टी रुंद असेल तर वळणे मोठी करा, अरुंद असेल तर लहान करा. कमान असेल तर वेल कमानीवरून वळते. कोपरा आला तर कोपऱ्यात एक फूल टाकून पुढे जाते. भिंत संपली की वेल कोठेही थांबवता येते, अपुरी वाटत नाही. माणसाचे किंवा घोड्याचे चित्र असे कापता येत नाही! ही नक्षी जगभर का पसरली, याचे एक कारण हे असावे असे मला वाटते. ती कारागिराच्या सोयीची होती.

आता त्या प्रसिद्ध वादाकडे येऊ. ग्रीक खांबांच्या एका प्रकाराला 'कॉरिंथियन' म्हणतात. या खांबाच्या माथ्याभोवती कातरलेल्या काठांची मोठमोठी पाने असतात. त्या पानाला 'अकँथस' म्हणतात. अकँथस ही भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणारी वनस्पती आहे. आपल्याकडची अडुळसा आणि अबोली ही झाडे तिच्याच कुळातली आहेत.

हे पान खांबावर कसे आले, याची एक गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. कॉरिंथ शहरातली एक मुलगी आजारी पडून मरण पावली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या लहानसहान वस्तू एका टोपलीत भरल्या आणि टोपली तिच्या कबरीवर ठेवली. वस्तू भिजू नयेत म्हणून वर एक कौल ठेवले. टोपली नेमकी अकँथसच्या मुळावर ठेवली गेली होती. वसंत ऋतूत त्याला पाने फुटली. ती टोपलीच्या बाजूंनी वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून खाली वळली. कॅलिमॅकस नावाचा शिल्पकार तेथून जात होता. त्याला ते दृश्य फार आवडले आणि त्याने तसा खांब घडवला.

गोष्ट सुंदर आहे. लोकांनी ती जवळजवळ दोन हजार वर्षे खरी मानली. मग १८९३ साली आलोइस रीगल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने एक पुस्तक लिहिले आणि ही गोष्ट नाकारली. रीगल व्हिएन्नाच्या एका संग्रहालयात कापडविभाग सांभाळत होता. जुने गालिचे आणि कापडावरच्या नक्ष्या हा त्याचा रोजचा विषय होता. त्याने सांगितले की, ग्रीकांनी कोरलेली सर्वांत जुनी अकँथसची पाने नीट पाहा. ती खऱ्या झाडाच्या पानासारखी दिसत नाहीत, ती पामेटसारखी दिसतात. म्हणजे कोणी झाड पाहून पान कोरले नाही. सपाट पामेटला दगडात उठाव आणि वळण दिले गेले, त्याच्या बोटांना दाते पडले आणि हळूहळू ते अकँथससारखे दिसू लागले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नक्षीचा जन्म बागेतून होत नाही, आधीच्या नक्षीतून होतो. इजिप्तच्या पाणफुलापासून मशिदींवरच्या बेलबुट्यांपर्यंत त्याने एकच सलग धागा दाखवला.

रीगलचे सगळेच म्हणणे आज कोणी जसेच्या तसे घेत नाही. मलाही सक्काराचा तो तिधारी देठ विसरता येत नाही. आरंभी कोणीतरी झाड पाहिलेच असणार. पण एकदा नक्षी हातात आली की कारागीर झाडाकडे फारसे पाहत नाही, हे खरे आहे. रोममध्ये इ.स.पू. ९ मध्ये ऑगस्टस बादशहाच्या काळात शांतिदेवतेची एक संगमरवरी वेदी पूर्ण झाली. तिच्या भिंतींवर खाली अकँथसचे एक झाड आहे. त्यातून वेली फुटल्या आहेत आणि एकाच वेलीला वेगवेगळ्या जातींची फुले लागली आहेत. असे झाड कोणत्याही बागेत नसते.

भारतात वेल कशी आली? येथे मात्र सावध राहायला हवे, कारण आपल्याकडे एक नव्हे, दोन वेली दिसतात.

पहिली पाहुणी. पाटण्याला १८९५ साली मौर्यकाळातला, म्हणजे साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, एक मोठा दगडी स्तंभशीर्ष सापडला. त्यावर ठळक पामेट आहे. प्रयागराजच्या अशोकस्तंभाच्या माथ्याखाली कमळ आणि पामेट यांची रांग आहे. ती पाहून निनेवेच्या उंबरठ्याची आठवण होते. मौर्यांच्या आधी इराणच्या बादशहांचे राज्य सिंधू नदीपर्यंत होते आणि त्यांच्या पर्सेपोलिस या राजधानीत (तख्ते जमशीद हे तिचे तुम्हांला माहीत असलेले नाव) खांबांच्या तळाशी उलट्या ठेवलेल्या फुलाच्या पाकळ्या कोरल्या होत्या. नंतर सिकंदरामागोमाग ग्रीक लोकही अफगाणिस्तानात वसले. त्यामुळे ही नक्षी आपल्याकडे येणे स्वाभाविक होते. पुढे तक्षशिला आणि पेशावरच्या परिसरात तर अकँथसची पाने असलेले खांब उभे राहिले. त्या पानांच्या मधोमध कारागिरांनी बुद्धाची लहानशी मूर्ती बसवली. ग्रीक पानात बुद्ध!

दुसरी वेल मात्र या मातीतली. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत येथे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक बौद्ध स्तूप होता. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली तो शोधला. त्याचा दगडी कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. कठड्याच्या वरच्या दगडावरून एक लांबच लांब वेल जाते. ती हत्तीच्या तोंडातून निघते. तिच्या वळणांत कोठे फळ आहे, कोठे दागिना लटकला आहे, तर कोठे जातककथेतला एखादा प्रसंग बसवला आहे. ही कमळाची वेल आहे.

तुम्ही म्हणाल, कमळाला वेल कोठे असते? तळ्यात पाहिले तर फूल आणि पान वेगवेगळ्या देठांवर सरळ उभे दिसते. पण कमळाचे खरे खोड चिखलात असते. ते आडवे वाढत जाते. त्याला ठिकठिकाणी पेरे असतात आणि प्रत्येक पेऱ्यातून पान आणि फूल वर येते. बाजारात मिळणारी कमळकाकडी म्हणजे हेच खोड. भरहुतच्या कारागिराने चिखलात लपलेली दांडी वर काढली, तिला वळणे दिली आणि पाने-फुले तिच्याच अंगावर बसवली. ही कल्पना तळ्याकाठी राहणाऱ्यालाच सुचेल. म्हणून भरहुतची वेल परदेशी नक्षीची नुसती नक्कल आहे, असे मला वाटत नाही.

या कठड्यावरच्या एका फळाची गंमतही ऐका. कनिंगहॅम यांनी ते सीताफळ म्हणून ओळखले. पण सीताफळ मूळचे अमेरिकेतले आणि पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. मग ते भरहुतला दीड हजार वर्षे आधी कसे कोरले गेले? काहींनी ते फणस मानले, काहींनी कमळाची शैलीदार कळी. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. दगडातल्या पानाला झाडाचे नाव देताना किती जपावे लागते, ते यावरून कळते.

कमळाची ही वेल आपल्याकडे खूप फोफावली. सांचीच्या तोरणांवर ती आहे. तेथील एका खांबावरचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर काम करणाऱ्यांनी केले, असे त्यावरच लिहिलेले आहे. हस्तिदंतावरची नाजूक नक्षी दगडावर कशी उतरली, हे त्यामुळे समजते. महाराष्ट्रात अजिंठ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांची छते पाचव्या शतकात अशाच कमळवेलींनी आणि हंसांच्या रांगांनी रंगवली गेली. सहलीला गेलात तर भिंतीवरची चित्रे पाहून झाल्यावर मान वर करायला विसरू नका. बहुतेक लोक विसरतात.

इकडे पश्चिमेला ग्रीक-रोमन वेल नव्या हातांत गेली होती. जेरुसलेम येथे, म्हणजे बैतुल मुकद्दसमध्ये, उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात इ.स. ६९१-९२ च्या सुमारास कुब्बतुस्सखरा ही इमारत पूर्ण झाली. तिच्या आतल्या भिंतींवर सोनेरी, हिरव्या, निळ्या काचेच्या तुकड्यांची मोझेक नक्षी आहे. फुलदाण्यांतून अकँथस आणि द्राक्षाच्या वेली वर चढतात. त्यांना हिरेमोत्यांचे दागिनेही लटकले आहेत. माणूस किंवा प्राणी मात्र एकही नाही.

हा बदल कसा झाला ते आणखी एका ठिकाणी अगदी स्पष्ट दिसते. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ मुशत्ता नावाचा आठव्या शतकातला एक अपुरा राहिलेला महाल आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात जाळीसारखी द्राक्षवेल कोरली होती. उस्मानी सुलतानाने १९०३ साली ती जर्मन बादशहाला भेट दिली आणि ती बर्लिनला नेण्यात आली. दरवाजाच्या डाव्या बाजूच्या वेलीत पक्षी आणि जनावरे आहेत, काही पाणी पीत आहेत. उजव्या बाजूला तीच वेल आहे, तेच द्राक्षांचे घड आहेत, पण एकही प्राणी नाही. त्या बाजूच्या भिंतीमागे महालातली मशीद होती. नमाजाच्या जागेजवळ सजीवांच्या आकृती नकोत म्हणून हा फरक केला असावा, असे अभ्यासक मानतात.

प्राणी गेले आणि सारी जागा वेलीला मिळाली. मग ती काठावर थांबली नाही, पूर्ण भिंतभर पसरली. इराकमधले सामर्रा शहर अब्बासी खलिफा मुअतसिम यांनी ८३६ साली वसवले. तेथील घरांच्या भिंती गिलाव्याच्या नक्षीने भरून गेल्या. नक्षी लवकर व्हावी म्हणून साचेही वापरले गेले. या नक्षीत एका पानाच्या टोकातूनच दुसरे पान निघते. पान कोठे संपले आणि मोकळी जागा कोठे सुरू झाली, हे ओळखता येत नाही. द्राक्ष नाही, अकँथस नाही, कमळ नाही, फक्त वळणे आणि अर्धी पाने. युरोपियनांनी पुढे या नक्षीला 'अरेबस्क' हे नाव दिले. इराणी कारागीर तिला 'इस्लीमी' म्हणत.

अरबी अक्षरे आणि वेल यांची जोडीही याच काळात जमली. ही जोडी घेऊन लोक भारतात आले, आणि येथे त्यांची गाठ दुसऱ्या वेलीशी पडली. दिल्लीला कुतुबमिनारच्या शेजारी कुव्वतुल इस्लाम मशीद आहे. तिच्या पुढच्या उंच दगडी कमानींचा पडदा ११९९ च्या सुमारास उभा राहिला. काम येथल्याच कारागिरांनी केले. कमान बांधण्याची त्यांची रीतही येथलीच आहे. पाचरीसारखे दगड जोडून कमान वळवण्याऐवजी त्यांनी दगडाचे थर आडवे रचले आणि प्रत्येक थर थोडा पुढे सरकवत वर नेला. दर्शनी बाजूवर कुरआनच्या आयतींचे उभे पट्टे आहेत. अक्षरे कशी काढायची, हे कोणीतरी त्यांना आखून दिले असणार. मधली वेल मात्र त्यांच्या हाताला ठाऊक होती. ती सामर्राच्या वेलीसारखी सपाट नाही. तिची दांडी भरीव आहे, पाने फुगीर आहेत आणि वळणांच्या आत ती दाटीवाटीने वाढली आहेत. अलिफ आणि लाम या अक्षरांच्या सरळ उभ्या रेषांमागून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत कमानीच्या टोकापर्यंत जाते.